कातळाजवळचे कॉलेज

बारावीचा निकाल लागला की गोमंतकातील अनेक घरांत परगावच्या कॉलेजांची चौकशी सुरू होते. कॉलेजचा लौकिक कसा आहे, वसतिगृहाला खर्च किती, आणि खानावळीत मासळी मिळते की नाही, हे तीन प्रश्न ठरलेले. अशा वेळी मुलाने किंवा मुलीने ‘त्या गावापासून चढण्याजोगा कातळ किती दूर आहे?’ असे विचारले, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. आम्हांस मात्र हा प्रश्न अप्रस्तुत वाटत नाही. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये प्रस्तरारोहणाला स्थान मिळाले. ते आता मूठभर वेड्यांचे साहस राहिलेले नाही. शिवाय हा प्रश्न घरी दडपला गेला, तर मुलगा त्याचे उत्तर एकट्यानेच शोधील. भीती आहे ती त्याचीच.

आपल्या भूमीत या विद्येची सोय बेताचीच. जांभा दगड घराचे चिरे काढण्यास उत्तम; पण बोटांच्या पेरांवर देहाचा भार तोलताना त्याचा भरवसा धरवत नाही. म्हणून गोव्यातील तरुणाची दृष्टी घाटापलीकडे जाते, आणि पहिली नावे येतात ती हंपी आणि बदामी यांची. नावे खोटी नाहीत. हंपीच्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर आणि बदामीच्या तांबड्या वालुकाश्माच्या कड्यांवर देशोदेशीचे आरोहक येतात. मग बदामी जवळ पडेल म्हणून धारवाड किंवा बेळगाव निवडावे, असा हिशेब मनात तयार होतो. परंतु धारवाडहून बदामी शंभरावर किलोमीटर आहे आणि बेळगावहून त्याहून दूर. जाऊन, चढून, परत यायचे म्हणजे दोन दिवस आणि वाटखर्च. विद्यार्थ्याला हे महिन्यातून एकदा जमले तरी पुष्कळ. हाताला वळण लागते ते आठवड्याच्या सरावाने, सहलीने नव्हे.

या दृष्टीने पुण्याचे पारडे जड आहे. सिंहगड तिथून तीसेक किलोमीटर. लोणावळ्यापर्यंत लोकल गाडी जाते आणि पुढे खंडाळ्याची नागफणी, तैलबैलाच्या जुळ्या भिंती असा मोठा प्रदेश मोकळा होतो. रविवारी पहाटे निघालेला मुलगा रात्री वसतिगृहात परत येऊन सोमवारच्या तासाला बसू शकतो. सह्याद्रीचा खडक मात्र बेभरवशाचा. बेसाल्टचे थर, मधून गवताळ माती, हातात निघून येणारे धोंडे! निव्वळ दगडाची प्रत पाहिली तर बदामी निःसंशय सरस.

तरीही आम्ही पुणे सुचवतो, ते तिथल्या माणसांसाठी. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘गिरिप्रेमी’ने २०१२ मध्ये आपले आठ सदस्य एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचविले. मुंबईकडे १९५४ पासूनची ‘गिरिविहार’ आहे. २०१६ साली नवी मुंबईत प्रस्तरारोहणाची विश्वचषक स्पर्धाही झाली. अशा संस्थांतून नवख्याला प्रथम गाठ मारायला आणि दुसऱ्याचा दोर सांभाळायला शिकवतात. मेख कुठे निसटेल, कोणत्या दिवशी कडा सोडून घरी परतावे, हे जुन्या हातांकडूनच कळते. दोर विकत मिळतो. तो धरणारा विश्वासू माणूस बाजारात मिळत नाही. नुसत्या चित्रफिती पाहून दोन मित्र कड्याला भिडले, तर एका चुकीच्या गाठीची किंमत काय होते, हे पालकांना सांगावयास नको.

बंगळूरचाही विचार करता येईल. रामनगरचा ग्रॅनाइट पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि शहरात सरावाच्या कृत्रिम भिंतीही आहेत. मात्र रामदेवर बेट्टावर २०१२ साली गिधाडांचे अभयारण्य झाले. तिथे आपल्या मर्जीने कुठेही दोर टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. कॉलेजे उघडतात ती ऐन पावसाळ्यात, आणि सह्याद्रीचे कडे तेव्हा शेवाळाने माखलेले असतात. उत्साहाच्या भरात याच महिन्यांत मुले धबधब्यांवर चढू पाहतात. हे दिवस कृत्रिम भिंतीवर आणि दोराच्या गाठी पाठ करण्यात घालवावेत. खडक ऑक्टोबरमध्ये वाळतो.

प्रवेशासाठी पालक पुण्यास जातील तेव्हा वसतिगृहाची खोली पाहून झाल्यावर त्यांनी मुलाला घेऊन एखाद्या गिर्यारोहण संस्थेच्या बैठकीला अर्धा तास बसून यावे. नवशिक्याला कोण शिकवतो, अपघात झाला तर कोण धावून जातो आणि मुलाच्या खिशाला झेपेल इतका खर्च येतो काय, हे तिथे समोरासमोर विचारता येईल. मासळीची चौकशी त्यानंतरही होऊ शकते.