तपासणी गोठ्याची, तशीच काट्याचीही

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातून नांदेड, लातूर, जालना आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे जिल्हे घेतले गेले. हिंगोली बाहेर राहिली. 2024मध्ये राज्य सरकारने दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली, सुमारे 149 कोटी रुपयांची तरतूद केली आणि दोन्ही विभागांचे सगळे 19 जिल्हे त्यात आले. दुधाळ जनावरे, पशुखाद्य, वैरण, कडबाकुट्टी यांना अनुदान आणि त्यातून वाढणारे दूध असा हा बेत आहे. तो तडीस जावा असे आम्हाला मनापासून वाटते. सोयाबीनचा भाव पडला की ज्या जिल्ह्याचे वर्षाचे गणित कोलमडते, तिथे दर आठ-दहा दिवसांनी हाती येणारा दुधाचा पैसा घराला आधार देतो. परंतु संकलन वाढले की खरेदीदार चोखंदळ होतो. दूध कुठून आले, जनावराला काय खाऊ घातले, कोणते औषध टोचले, हे तो विचारू लागतो. आज केंद्रावर किटलीपाशी होणारी तपासणी उद्या गोठ्याच्या दावणीपर्यंत येणार, हे उघड आहे.

या तपासणीला आमचा विरोध नाही. ती झालीच पाहिजे, कारण हेच दूध शेतकऱ्याची स्वतःची लेकरेही पितात. आक्षेप आहे तो आजच्या तपासणीच्या रीतीला. तीत उत्पादकाचे पैसे कापले जातात, पण त्याचे काय चुकले हे त्याला कळत नाही. दुरुस्तीला कोणी मदत करत नाही आणि तपासणाऱ्याला तपासायला तर कोणीच नाही. हीच रीत गोठ्यात शिरली तर दोन-चार जनावरांवर धंदा करणारा माणूस दावण रिकामी करील.

रोजचा व्यवहार पाहा. पहाटे धार काढून माणूस किटली घेऊन केंद्रावर येतो. माप होते, चमचाभर दूध मिल्को टेस्टर यंत्रात जाते, पडद्यावर फॅट आणि एसएनएफचे (स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घन घटकांचे) आकडे उमटतात, पावती हातात पडते. काल 3.8 लागलेली फॅट आज 3.3 का, याचे उत्तर केंद्रावरच्या पोराकडे नसते. उत्तरे मात्र आहेत. शेवटच्या धारेत स्निग्धांश जास्त असतो. वासराला आधी पाजण्याऐवजी शेवटी सोडले, तर फॅट वासराच्या पोटात जाते आणि किटलीत पातळ दूध राहते. हिरवा चारा मुबलक आणि कडबा अपुरा असला तरी फॅट उतरते. किटली न ढवळता नमुना घेतला तर आकडा चुकतो. आदल्या नमुन्यानंतर यंत्र नीट धुतले नाही, किंवा महिनोन्‌महिने त्याचे प्रमाणीकरण केले नाही, तरीही तो चुकतो. यातली पहिली दोन कारणे उत्पादकाच्या हातातली आहेत आणि ती सांगितली तर आठवडाभरात सुधारतील. उरलेली केंद्राच्या हातातली आहेत. पण पाच कारणांपैकी कोणतेही असो, कापला जातो तो उत्पादकाचाच पैसा.

यात कायद्याची एक गुंतागुंत आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006चा आहे. त्याच्या 18व्या कलमात शेतकरी आणि त्याच्या शेतपातळीवरच्या कामाला हा कायदा लागू नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. संस्थेचा सभासद असून सगळे दूध संस्थेलाच घालणाऱ्या उत्पादकाला नोंदणीतूनही सूट आहे. म्हणजे सरकारी अन्न निरीक्षकाचा अधिकार गोठ्याच्या उंबऱ्याशी थांबतो. खरेदीदाराच्या अटी मात्र तिथे थांबत नाहीत. सरकारी अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करावे लागतात. अन्न विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल तर अपील करता येते आणि नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो. खरेदी केंद्रावर घेतलेला नमुना पाच मिनिटांत ओतून दिला जातो. त्याचा दुसरा भाग नाही, अहवाल नाही, अपील नाही. दूध नाकारले की किटली घेऊन परत जायचे, एवढाच मार्ग उरतो. गोठा-तपासणी येईल ती याच खासगी अटींच्या वाटेने येईल. म्हणून दाद कुठे मागायची हे आताच ठरले पाहिजे.

तपासायचे काय, याविषयीही गफलत आहे. दुधाच्या दर्जाचा विषय निघाला की भेसळीवर बोलणे होते, धाडींच्या बातम्या येतात. धाडी हव्यातच, युरिया आणि कपडे धुण्याची पावडर दुधात कालवणाऱ्याला दयामाया नको. पण अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018मध्ये देशभर केलेल्या पाहणीचे आकडे वेगळीच दिशा दाखवतात. 1,103 शहरांतून घेतलेल्या 6,432 नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने होते 12. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मर्यादेपेक्षा जास्त सापडले 368 नमुन्यांत, तर प्रतिजैविकांचे अंश 77 नमुन्यांत. प्रतिजैविकांच्या बाबतीत ज्या तीन राज्यांची नावे पुढे आली, त्यांत महाराष्ट्र होता. हे दोन्ही दोष गोठ्यातून येतात आणि त्यांतला एकही बहुतेक वेळा जाणूनबुजून केलेला नसतो.

अफ्लाटॉक्सिनचा विषय हिंगोलीला लागू नाही असे कोणी समजू नये. सोयाबीन काढणीच्या तोंडावर परतीचा पाऊस येतो. भिजलेल्या गुळीची गंजी बांधाला लागते आणि आतून तापते, काळी पडते. सरकीच्या पेंडीचे पोते ओल्या जमिनीवर टेकवून ठेवले की तळाकडून पांढुरकी जाळी धरते. घरचा माणूस वरचा थर हाताने बाजूला करतो आणि उरलेले जनावरापुढे टाकतो, कारण फेकून द्यायला दुसरी वैरण नसते. बुरशीचे विष जनावराच्या यकृतात रूप बदलते आणि दुधात उतरते. दूध उकळले किंवा पाश्चराइझ केले तरी ते जात नाही. एका किलो दुधात त्याची मर्यादा आहे 0.5 मायक्रोग्रॅम. हा दोष नाकाला कळत नाही, जिभेला कळत नाही, साध्या मिल्को टेस्टरलाही कळत नाही. तो टाळायचा तर पेंडीखाली लाकडी फळ्या हव्यात, गंजीवर ताडपत्री हवी आणि बाजारातली पेंड विकण्याआधी तपासलेली हवी. पशुखाद्याला भारतीय मानक ब्युरोचे निकष बंधनकारक करणारा निर्देश 2020मध्ये निघाला. अंमलबजावणीची तारीख मात्र पुढे सरकत गेली. बुरशी लागलेली पेंड विकणारा मोकळा आणि ती विकत घेऊन गाईला घालणारा दोषी, अशी तपासणी आम्हाला मान्य नाही.

प्रतिजैविकांची कथा याहून कठीण आहे. गाईला दगडी होते, कास टणक लागते, धारेत गुठळ्या येतात. सडात औषधाची नळी सोडली जाते, इंजेक्शन दिले जाते. त्यानंतर किती दिवस दूध बाजारात द्यायचे नाही हे औषधाच्या खोक्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले असते. उपचार करणारा अनेकदा पदवीधर पशुवैद्य नसतोच, कारण सरकारी दवाखाना लांब आणि तिथले पद रिकामे. तो दिवस सांगत नाही, लिहून तर मुळीच देत नाही. आणि समजा सांगितले, तरी दोन जनावरांपैकी एकीचे चार दिवसांचे दूध ओतून देणे म्हणजे घरचा आठवडी बाजार बुडणे. ते दूध चारही सड धुऊन किटलीत जाते. याला बेइमानी म्हणणे सोपे आहे. उपचाराच्या दिवसांतले दूध घालू नका असे जो खरेदीदार सांगतो, त्याने त्या दिवसांच्या नुकसानीचा काही वाटा उचलला पाहिजे. एवढे झाले तर उत्पादक आपण होऊन सांगेल की आज या गाईचे दूध वेगळे ठेवा. दंडाच्या भीतीने तो कधीच सांगणार नाही.

कागदपत्रांचा अनुभवही ताजा आहे. जानेवारी 2024मध्ये राज्याने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान सुरू केले, पुढे ऑक्टोबरमध्ये ते सात रुपये झाले. त्यासाठी जनावराच्या कानात 12 अंकी बिल्ला आणि भारत पशुधन प्रणालीवर नोंद आवश्यक होती. कुठे बिल्ला गळालेला, कुठे आधार आणि बँक खात्यातले नाव जुळत नाही, कुठे केंद्राने माहिती वेळेत भरली नाही. दूध घालूनही अनुदानापासून राहिलेले उत्पादक राज्यभर होते. 1 जून 2024पासून बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीवर आणि वाहतुकीवरही बंधने आली. बिल्ला वाईट नाही. लसीकरण, रेतन, उपचार यांची नोंद त्या एका क्रमांकावर ठेवता येते. मग अनुदानासाठी एक फॉर्म, प्रकल्पासाठी दुसरा, खरेदीदारासाठी तिसरा, बँकेसाठी चौथा कशासाठी? एकाच क्रमांकावर नोंदलेली माहिती सर्वांनी वापरावी, हे सांगायला तज्ज्ञ समिती लागत नाही.

ब्रिटनमध्ये तशी समिती नेमावी लागली. तिथे रेड ट्रॅक्टर नावाची शेतमाल-हमी योजना 2000 सालापासून आहे आणि बहुतेक मोठे दुकानदार त्या चिन्हाशिवाय दूध घेत नाहीत, इतकी ती रुळली. 2023मध्ये या योजनेने पर्यावरणाच्या नव्या अटी जाहीर केल्या. आपल्याला न विचारता अटी लादल्या म्हणून शेतकरी खवळले आणि त्या अटी मागे घ्याव्या लागल्या. त्यानंतर शेतकरी संघटनांच्या पुढाकाराने झालेल्या स्वतंत्र आढाव्याचा अहवाल जानेवारी 2025मध्ये आला. तपासण्यांची संख्या आणि त्यांतली पुनरावृत्ती कमी करा, तंत्रज्ञान वापरा, नियम ठरवताना शेतकऱ्याला सोबत घ्या, हा त्याचा रोख होता. शेकडो गाईंचे, यंत्राने दोहन करणारे, संगणकावर नोंदी ठेवणारे ते गोठे. त्यांना जे ओझे पेलले नाही ते लाल कंधारी गाय आणि मराठवाडी म्हैस दारात बांधणाऱ्या सेनगावच्या कुटुंबावर जसेच्या तसे टाकता येणार नाही.

उदाहरणासाठी इतके दूर जायचीही गरज नाही. कोल्हापूरचा गोकुळ संघ 1963चा. दूध तपासणारी संस्था तिथे पशुवैद्यकीय सेवा देते, कृत्रिम रेतन करते, स्वतःचे महालक्ष्मी पशुखाद्य पुरवते आणि तिच्या कारभाऱ्यांना निवडणुकीत जाब विचारता येतो. म्हणून तिथे कमी फॅटची पावती हे भांडणाचे कारण होते तसे उपचाराचेही होते. हिंगोलीत अशा ताकदीचा संघ उभा राहिला नाही. इथे दूध घेणारा फक्त दूध घेतो.

2024मध्येच वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. दर्जाच्या कसोटीला उतरण्याची ऐपत या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यात आहे, त्याला दर्जाचे वावडे नाही. दुधातही तो उतरेल, मात्र क्रम सुधारला पाहिजे. दुग्धविकास प्रकल्पाने गोठ्यांची पहिली फेरी निव्वळ सल्ल्याची ठेवावी, तीत दंड आणि नाकारणे नसावे. तपासणारा कोण, काय पाहिले, काय कमी आढळले आणि ते कसे भरून काढायचे, हे मराठीत एका कागदावर लिहून त्याची प्रत गोठामालकाला मिळावी. दुसऱ्या फेरीआधी त्या गावाला पशुवैद्य पोचलेला असावा. प्रत्येक नाकारलेल्या नमुन्याचा दुसरा भाग सील करून थंड ठेवावा आणि तो तिऱ्हाईत प्रयोगशाळेत पाठवण्याचा हक्क उत्पादकाला असावा.

काट्याच्या तपासणीसाठी तर नवा कायदा, नवा निधी काहीच नको. दूध भेसळ रोखण्यासाठी जून 2023च्या शासन निर्णयाने प्रत्येक जिल्ह्यात अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली आहे. तिच्यात पोलीस आहेत, अन्न व औषध प्रशासन आहे, दुग्धविकास खाते आहे आणि वैधमापन खातेही आहे. दूध उत्पादकांच्या संघटना वर्षानुवर्षे मिल्को टेस्टर आणि वजनकाट्यांच्या तपासणीची मागणी करत आल्या आहेत. हिंगोलीच्या समितीने हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतल्या प्रत्येक संकलन केंद्रावरचा काटा आणि फॅटचे यंत्र तपासावे, तपासणीची तारीख केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावी आणि ज्या केंद्रावर ती तारीख नाही तिथली कपात बेकायदा धरावी. गोठ्यात पाऊल टाकण्याआधी हे काम पुरे व्हावे, अशी आमची मागणी आहे.

उत्पादकांनीही तोवर थांबू नये. रोजची पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. कोणत्या गाईला कोणत्या दिवशी कोणते औषध दिले, हे एका वहीत लिहा आणि उपचार करणाऱ्याची सही त्यात घ्या. पेंडीच्या पोत्यावरची पावती फेकू नका. तपासनीस दारात येईल तेव्हा त्याच्यापुढे ही वही ठेवा आणि त्याच्याकडून त्याच्या अहवालाची प्रत मागा.