ओठ हलतात म्हणून

परवा शेजारच्या घरातील आई एक जाडजूड फाइल घेऊन आली. तिचा मुलगा चौथीत. गणिते सोडवताना पुटपुटतो, एकाग्रता नाही, अशी शाळेची तक्रार. म्हणून तिने कुठेसे जाऊन त्याच्या दहाही बोटांचे ठसे दिले आणि काही हजार रुपये मोजून हा अहवाल आणला. ‘काका, तुम्ही लिहिणारे, जरा वाचून सांगा,’ म्हणाली. आत रंगीत आलेख होते. मुलगा ‘दृश्य विचारशैली’चा, ‘उजव्या मेंदू’चा, एकाग्रता अमुक टक्के!

बँकेतील नोकरीत मी हजारो अंगठे घेतले. ठशावरून माणूस कोण ते कळते. तो विचार कसा करतो, हे ठशावरून सांगता येते याला शास्त्रात आधार नाही. तसे मी तिला सांगितलेही. पण फाइल परत देताना त्या ‘पुटपुटतो’ शब्दाने मला तीस वर्षे मागे नेले.

१९९५च्या सुमाराची गोष्ट. मी सोलापुरातल्या एका गजबजलेल्या शाखेत होतो. आपल्या गावच्या बँकेत बसणाऱ्याला एक मौज लवकर कळते. गिऱ्हाईक व्यवहार मराठीत करते, भांडतेही मराठीत. पण नोटा हातात आल्या की पूर्व भागातला विणकर ‘ओकटी, रेंडू, मूडू’वर येतो आणि अक्कलकोटकडचा शेतकरी ‘ओंदू, एरडू, मूरू’वर. मोजताना माणूस बहुधा आईच्या भाषेत जातो.

आमचा एक कॅशियर असाच तेलुगूभाषक. नोटा मोजताना त्याचे ओठ हलायचे. मध्येच कुणी काही विचारले तर हा हूं की चूं करायचा नाही. पुडके संपले की मगच मान वर. शेजारच्या काउंटरवरचा त्याचा सहकारी मात्र नोटा मोजता मोजता गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी, पोरीचे लग्न, सगळे बोलायचा आणि आकडा चुकायचा नाही. लोक त्याच्यावर खूश. पहिल्याबद्दल कुरकुर माझ्या कानावर यायची. एकदा त्याला बोलावून विचारले. ‘साहेब, बोललं की आकडा जातोय बघा,’ एवढेच तो म्हणाला. मला ती सबब वाटली. पुढे त्याच्या बढतीच्या वेळी माझा शेरा मागवला गेला, तेव्हा मी लिहिले : अचूक, पण गिऱ्हाइकांशी तुटक. त्या वर्षी त्याची बढती हुकली.

ती सबब नव्हती, हे मला पुढे एका पुस्तकातून कळले. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या आठवणींचे ते पुस्तक १९८८ साली निघाले. प्रिन्स्टनला शिकत असताना त्यांना छंद लागला होता : मनात आकडे मोजायचे आणि त्याच वेळी दुसरे काय काय करता येते ते पाहायचे. त्यांना वाचता येई, बोलता मात्र येत नसे. त्यांचे मित्र जॉन टुकी, पुढे नामांकित संख्याशास्त्रज्ञ झाले, त्यांचे नेमके उलट. बोलणे सहज जमे, वाचणे अशक्य! मग उलगडा झाला. फाइनमन आकडे मनात ‘बोलत’ होते. टुकींना मात्र आकड्यांची पट्टी डोळ्यांपुढून सरकताना ‘दिसत’ होती.

म्हणजे माझे दोन्ही कॅशियर सारखेच एकाग्र होते. एकाचे लक्ष जिभेच्या वाटेवर, दुसऱ्याचे बहुधा डोळ्यांच्या. १९७४ साली ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट सिद्धान्ताच्या रूपात मांडली : चालू कामापुरते लक्षात ठेवण्यासाठी मनात बोलाची सोय वेगळी आणि चित्राची वेगळी. दोन कामे एकाच वाटेवर आली की कोंडी होते. मनातल्या मनात बोलतानाही मेंदूच्या डाव्या बाजूचे, उच्चारासाठी लागणारे भाग जागे होतात. आवाज बाहेर पडत नाही, इतकेच. उलट मनात मणिचौकट धरून बेरजा करणारी मुले पाहा. गुजरातेतील अशा मुलांवर झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. बेरीज चालू असताना त्यांना दुसरे काही बोलायला लावले, तरी बहुतेकांचे काम फारसे अडले नाही.

मग काय, माणसांचे असे गट पाडून मोकळे व्हावे? तसेही नाही. युटा विद्यापीठातील संशोधकांनी हजाराहून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या (२०१३), त्यांना डाव्या मेंदूची माणसे आणि उजव्या मेंदूची माणसे अशी विभागणी कुठे आढळली नाही. मुलाची ‘शैली’ ठरवून त्याच शैलीत शिकवल्याने तो अधिक शिकतो, यालाही २००८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात पुरेसा पुरावा मिळाला नाही. एकच माणूस पाढा ऐकतो आणि घरचा रस्ता पाहतो. कादंबरी लिहिताना मला पात्रांचे आवाज येतात, चेहरे येत नाहीत. पण बँकेच्या जुन्या लेजरचे पान अजून जसेच्या तसे दिसते, कोपऱ्यातल्या शाईच्या डागासकट.

राहिले पुटपुटणे. लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचे विचार आणि भाषा यांवरचे पुस्तक १९३४ साली आले. मूल आधी मोठ्याने स्वतःशी बोलते, मग पुटपुटते आणि हळूहळू तेच बोलणे आत जाऊन विचार होते, असे त्याने दाखवले. काम अवघड झाले की हे बोलणे वाढते. ते लक्ष उडाल्याचे लक्षण नव्हे, लक्ष लावण्याची धडपड आहे. घोकंपट्टीवर मी खूप टीका केली आहे, पण पाढे मोठ्याने म्हणवून घेणाऱ्या जुन्या मास्तरांना हे पुस्तक न वाचताच कळले होते, असे आता वाटते.

तो कॅशियर केव्हाच निवृत्त झाला. भेटला की आजही ‘साहेब’ म्हणून नमस्कार करतो. शेऱ्याचे त्याला ठाऊक नाही आणि मला अजून सांगवलेले नाही.

शेजारच्या मुलाला मात्र मी बोलावून विचारले, ‘गणित करताना डोक्यात काय होतं रे?’ हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. तो विचार करून म्हणाला, ‘पाढा ऐकू येतो, आजोबा. बाईंच्या आवाजात. हातचा मात्र दिसतो, वर कोपऱ्यात.’

‘आणि तोंड बंद ठेवलं तर?’

‘मग सगळं लक्ष तोंडाकडंच ठेवावं लागतं की.’