नावं पाठ, क्रियापदं गायब!



आज जरा भांडायचं ठरवूनच बसलोय. भांडण आहे त्या ऑनलाईन 'कृतीं'शी, ज्यांतून म्हणे आपली मुलं घरबसल्या शरीरशास्त्र शिकतात. मी जन्मभर मराठी शिकवली, तेव्हा 'या मास्तरला त्यातलं काय कळतं?' असं कुणीतरी म्हणणारच. पण माझी तक्रार व्याकरणाचीच आहे.

शरीररचना म्हणजे नाम आणि शरीरक्रिया म्हणजे क्रियापद. हृदय, फुफ्फुस, यकृत, वृक्क ही नावं. ढकलणं, ओढणं, गाळणं, शोषणं ही क्रियापदं. आता मुलांच्या मोबाईलवरचे हे खेळ उघडून बघा. एक रंगीत चित्र, शेजारी नावांच्या पट्ट्या. पट्टी बोटाने ओढायची, जागेवर सोडायची. बरोबर आली की टाळ्या! अहो, भिंतीवरच्या तक्त्यापुढे पट्टी घेऊन आम्ही हेच घोकून घेत होतो. फक्त तक्त्याला चार्जिंग लागत नव्हतं.

नावं नकोत असं मी म्हणत नाही. आपल्याकडे 'काळीज' म्हणजे हृदयही आणि खाटकाकडे मागितलं तर यकृतही! तेव्हा नेमका शब्द हवाच. पण नुसत्या नामांचं वाक्य होत नाही, हे चौथीतलं पोरही सांगेल.

२०१७ साली 'दीक्षा' आलं, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. पुण्यातल्या मुलाला जे दिसतं तेच आमच्या इंझोरीतल्या मुलाला दिसू लागलं, ही फार मोठी गोष्ट. पण त्याच २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. 'त्वचा हे ज्ञानेंद्रिय आहे' यावर बरोबरची खूण करणारं पोर आपल्याकडे घरोघरी आहे. तीच त्वचा विष शोषून घेते, पाठीवरचा पंप गळून सदरा भिजला की औषध अंगात उतरतं, हे त्याला कोणत्या खेळात कळतं?

फवारणीच्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट नावाचा एक गट आहे. चेतातंतूने स्नायूला दिलेला निरोप पुसून टाकणारं एक विकर शरीरात असतं. हे विष त्या विकरालाच जखडून टाकतं. मग निरोप पुसला जात नाही. लाळ गळते, घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडतो. बघा, सगळी क्रियापदं! ही लक्षणं ओळखून बापाला वेळेत दवाखान्यात नेणारं पोर मला दहापैकी दहावाल्यापेक्षा हुशार वाटेल.

संगणकावर हे दाखवता येत नाही असंही नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ साली सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पात चेतापेशीचा एक प्रयोग आहे. पेशीला चेतना द्यायची, सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर जाताना बघायचं, मध्येच थांबवून पुन्हा बघायचं. मुलाने काही केलं की समोर काही घडतं. याला म्हणतात कृती.

आणि नेट गेलं तरी काही अडत नाही. मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. शाळेला एक चक्कर मारून पुन्हा मोजा. का वाढले? आजोबांच्या हातावरची फुगलेली नीळ दाबून रक्त कुठल्या दिशेने भरतं ते बघा. असंच हात बांधून, शिरा दाबून हार्वेने रक्ताभिसरणाचा पुरावा दिला आणि १६२८ साली तो छापला. त्याच्याकडे कुठे होता मोबाईल?

तेव्हा शिक्षकमित्रांनो आणि घरातल्या सुनांनो-लेकींनो, पोराने टाळ्या मिळवल्या की कौतुक जरूर करा. मग एकच विचारा, "बरं, हे करतं काय? आणि बंद पडलं तर?" उत्तर आलं नाही, तर तो खेळ खेळच समजा, अभ्यास नव्हे.

असो. पटलं नाही तर खुशाल भांडा. म्हाताऱ्याचे ठोके थोडे वाढतील, इतकंच!