फोन उचलणारा आणि फोन करणारा

रावेर, सावदा, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यातली केळी ट्रकमध्ये भरून दिल्ली-पंजाबकडे निघते. दीपनगरच्या वीज केंद्रातली राख बल्करमधून बाहेर पडते. सुरतेकडून नागपूर-कोलकात्याकडे जाणारा माल जुन्या सहा नंबरच्या, आताच्या ५३ क्रमांकाच्या महामार्गाने भुसावळ ओलांडतो. या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगशेजारी एक मोबाइल असतो. चालत्या गाडीत तो हातात धरणे हा गुन्हा आहे, हे कुठल्याही ड्रायव्हरला नव्याने सांगावे लागत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हातातल्या फोनचा वापर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात आणला. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून हातातल्या फोनला रस्ता पाहण्यापुरतीच सूट आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने तर २०१५ मध्येच अशा चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करायला राज्यांना सांगितले होते. तेव्हा नियम कमी आहेत अशी तक्रार करता येणार नाही. तक्रार वेगळी आहे. हे सारे नियम फोन उचलणाऱ्याला गाठतात. फोन करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

मालवाहतुकीत हा फरक फार मोठा आहे. स्वतःच्या मोटारीत बोलणारा माणूस बहुधा स्वतःच्या मर्जीने बोलतो. ट्रक ड्रायव्हरच्या फोनवर मालक असतो, ट्रान्सपोर्टचा मुनीम असतो, माल पाठवणारा व्यापारी असतो आणि माल उतरवून घेणारा अडत्या असतो. गाडी कुठे पोहोचली, टोल ओलांडला का, बाजार उघडायच्या आत लागेल का, परतीचे भाडे ठरवू का, हे सगळे प्रश्न त्या एका फोनवर येतात. केळीचा माल तर थांबत नाही. उन्हात गाडी अर्धा दिवस अडकली की घडाचा रंग बदलतो आणि भाव पडतो. म्हणून फोनमागून फोन जातात. पूर्वी हे फोन घ्यायला शेजारी क्लीनर असे, लांबच्या फेरीत दुसरा ड्रायव्हर असे. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक हवेत ही अट २०१८ मध्ये सरकारने काढून टाकली आणि क्लीनर तर खर्च वाचवण्यासाठी कित्येक गाड्यांवरून आधीच उतरला होता. माणसे कमी झाली, फोन वाढले. उचलला नाही तर पुढच्या भाड्याच्या वेळी आठवण ठेवली जाते, हे ड्रायव्हरला ठाऊक असते. फोन लावणाऱ्याला दंड नाही आणि हिरवे बटण दाबणाऱ्याला कैद, हा हिशेब म्हणूनच अर्धवट आहे.

फोनमुळे होणारे अपघात मुळात किती, असे कोणी विचारील. केंद्र सरकारच्या वार्षिक अहवालात २०२१ साली मोबाइलच्या वापरामुळे १,०४० मृत्यू नोंदले गेले आणि २०२२ साली ३,३९५. त्या वर्षीच्या एकूण १,६८,४९१ मृत्यूंत हा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास येतो. पण एका वर्षात फोनचे बळी तिपटीहून वाढले, यावर विश्वास ठेवण्यापेक्षा आधीची नोंदच तोकडी होती, असे मानणे सोपे आहे. पंचनाम्यात भरधाव वेग लिहिणे सोयीचे असते. त्या क्षणी ड्रायव्हरची नजर कुठे होती हे टायरच्या खुणांवरून कळत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक या संस्थेने ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवून हे पाहिले. २००९ च्या त्या निष्कर्षानुसार चालत्या ट्रकमध्ये संदेश टाइप करणाऱ्याचा अपघाताचा किंवा थोडक्यात अपघात टळण्याचा धोका तेवीस पटींनी वाढतो, नंबर लावणाऱ्याचा सुमारे सहा पटींनी. टाइप करणाऱ्याची नजर सहा सेकंदांतले साडेचारहून अधिक सेकंद रस्त्यावर नव्हती. आपल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाणारा ट्रक तेवढ्यात सुमारे १०० मीटर पुढे जातो. त्या १०० मीटरमध्ये नशिराबादजवळ वळणारा ट्रॅक्टरही असू शकतो आणि शाळा सुटलेली पोरेही.

याच अमेरिकेने पुढे काय केले ते आपल्या कामाचे आहे. मार्च २०१० मध्ये केंटकी राज्यात फोनवर गुंतलेल्या चालकाचा ट्रक दुभाजक ओलांडून एका व्हॅनवर आदळला आणि अकरा जण गेले. ३ जानेवारी २०१२ पासून तिथे व्यावसायिक चालकांना फोन हातात धरायला देशभर बंदी झाली. त्या नियमात दोन बाजू आहेत. चालकाने फोन वापरू नये, आणि कंपनीने त्याला तो वापरू देऊ नये किंवा वापरायला लावू नये. सुरुवातीला चालकाला कमाल दंड २,७५० डॉलर ठेवला, कंपनीला ११,०००. चौपट दंड कोणाला, हे पाहिले की जबाबदारीची वाटणी समजते.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा करायलाच हवा असेही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८८ प्रमाणे कलम १८४ च्या गुन्ह्याला चिथावणी किंवा साथ देणारा मूळ गुन्हेगाराइतक्याच शिक्षेला पात्र असतो. गाडी चालू आहे हे माहीत असून पुन्हा पुन्हा फोन लावणारा, उचलला नाही म्हणून दम देणारा मालक या कलमात का बसू नये? हे सिद्ध कसे करणार, असा आक्षेप येईल. प्राणघातक अपघातानंतर तपासात चालकाच्या फोनची नोंद मागवता येतेच, आणि त्या नोंदीत नंबर नेहमी दोन असतात. एखादा फोन अजाणता गेला असेल. अर्ध्या तासात त्याच नंबरवरून सात गेले असतील तर अजाणतेपणाचा दावा टिकत नाही. तरीही न्यायालयाला हेतूचा पुरावा अपुरा वाटला, तर अमेरिकेसारखे एक साधे वाक्य आपल्या नियमात घालणे केंद्राला अवघड नाही.

दुसरा आक्षेप धंद्याचा. संपर्काशिवाय माल पोहोचेल कसा? संपर्क तोडा असे कोणी म्हणत नाही. गाडीचा ठावठिकाणा ट्रॅकरवर दिसतो, टोल ओलांडल्याची खबर फास्टॅगच्या संदेशाने मालकाच्या फोनवर येते. उरलेले बोलणे गाडी ढाब्यावर, पंपावर, नाक्यावर थांबेल तेव्हा होऊ शकते. ठरावीक अंतरावर ड्रायव्हरने थांबून स्वतः फोन करायचा, एवढी शिस्त पुरते. तिसरा आक्षेप खुद्द ड्रायव्हर घेतात आणि तो हलका नाही: रात्री बोलत राहिले की झोप लागत नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातही हात मोकळे ठेवून केलेल्या बोलण्याने ट्रकचालकांचा धोका वाढलेला दिसला नव्हता. पण ज्याला जागे राहायला फोन लागतो, त्याला मुळात झोपेची गरज आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. तशी मर्यादा पाळली तर हा युक्तिवाद उरतच नाही, आणि ती मोडायला लावणारा पुन्हा मालकच असतो.

ड्रायव्हर निर्दोष आहेत, असा याचा अर्थ नाही. चालत्या गाडीत रील पाहणाऱ्याला कोणा शेठचा फोन आलेला नसतो. त्याचा परवाना जायलाच हवा. शिवाय फोन हे अपघाताचे एकमेव कारणही नाही. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यात पळासनेरला कंटेनरने दहाहून अधिक जीव घेतले, तेव्हा ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. पण ब्रेकची देखभाल, जादा माल, अपुरी झोप आणि चालत्या गाडीतला फोन या चारही गोष्टींत निर्णयाचा मोठा भाग केबिनबाहेर बसलेल्या माणसाच्या हाती असतो. हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या कैदेविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या चालकांनी चाके थांबवली, त्यामागे शिक्षेची भीती होती. सगळा भार आपल्याच अंगावर येतो ही चीडही होती. ते कलम सरकारला अजून लागू करता आलेले नाही.

म्हणून भुसावळ-जळगावच्या ट्रान्सपोर्ट मालकांना, केळीच्या व्यापाऱ्यांना आणि अडत्यांना एवढेच सांगणे आहे. बिल्टीवर मालाचे वजन आणि भाडे लिहिता, तिथे आणखी एक ओळ छापा: चालत्या गाडीत चालकाला फोन केला जाणार नाही, थांबल्यावर तो स्वतः करील. आणि पोलिसांनी अपघाताच्या तपासात ड्रायव्हरचा फोन तपासताना पलीकडचा नंबरही लिहून घ्यावा. ज्या दिवशी त्या नंबरच्या मालकाला पहिली नोटीस जाईल, त्या दिवसापासून चालत्या ट्रकमधले फोन कमी होतील.