पंगत मोडणारा नवरा

कोरियन मालिका म्हणजे बायकांचे आणि कॉलेजातल्या पोरांचे खूळ, असे माझे ठाम मत होते. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात ते शिरले. आधी पत्नीला लागण झाली, मग चिरंजीवांना. त्याचे केस कपाळावर उतरले, आरशापुढे क्रीमच्या तीन बाटल्या आल्या. मी यथेच्छ टिंगल केली.

तो एकदाच उलटून म्हणाला, ‘‘बाबा, तुमचे आजोबा बालगंधर्वांच्या शालूवर फिदा होते ना? त्यांचे पुरुषपण कुठे गेले?’’ शिवाय ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मध्ये नायिकेला शेवया रांधून घालणारा ह्युन बिन प्रत्यक्षात मरीन दलात सेवा करून आलेला आहे, हेही त्याने ऐकवले. मी गप्प बसलो.

पण खरा चटका बसला तो २०२५ मध्ये आलेल्या ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ने. जेजू बेटावरचे जुन्या काळातले कुटुंब. पुरुष एका मेजाशी, बायका वेगळ्या. तरुण ग्वान-सिक काही न बोलता पुरुषांकडे पाठ फिरवतो आणि बायकोकडे तोंड करून जेवू लागतो. बस्, एवढेच!

आमच्याकडेही पहिली पंगत पुरुषांची असे. लग्नानंतर कितीतरी वर्षे माझी पत्नी शेवटी, गार झालेले जेवली. मला ते दिसत होते. मी वळलो मात्र नाही. त्या रात्री माझे डोळे भरून आले. मराठी पुरुषाला रडायची मुभा ‘श्यामची आई’ने दिली खरी, पण ती आईपुरती. बायकोसाठी रडायची सवय आपल्याला कोणी लावलीच नाही.

तुम्ही म्हणाल, कोरियातले सगळे नवरे असे थोडेच असतात? नसतीलच. या दोन्ही मालिका स्त्रियांनी लिहिलेल्या आहेत. त्यांतला नायक म्हणजे बाईला हवासा वाटणारा पुरुष. पण आपल्या घरातल्या बाईला काय हवे, हे कळायला आम्हाला परक्या देशातली मालिका लागावी, यातच सगळे आले.

केस कपाळावर ओढणे सोपे, ताट घेऊन वळणे अवघड. बाटल्यांवरून मी आता मुलाला बोलत नाही. जेवायला बसताना एवढेच विचारतो, ‘‘आईचे पान घेतलेस का?’’ परवा तो म्हणाला, ‘‘बाबा, आज तुम्ही घ्या.’’