खेळाचे यंत्र, भट्टीचे गणित

महागडी वस्तू घरात आणताना आपल्याकडे पूर्वी दोन प्रश्न हमखास विचारले जात : टिकेल किती आणि खाईल किती? बैलजोडी असो, मोटारसायकल असो वा फ्रीज असो, या प्रश्नांतून कुणाची सुटका नव्हती. आता मुले संगणकात बसवायचे ग्राफिक्स कार्ड मागतात, तेव्हा मात्र वडीलधारी मंडळी गोंधळतात. काही जण ‘खेळण्यासाठी एवढे पैसे?’ म्हणून विषय संपवतात, तर काही जण हट्टापुढे हात टेकून निमूट पैसे मोजतात. मला दोन्ही मार्ग पटत नाहीत. हे कार्ड आधी समजून घ्यावे, आणि जालनेकराला ते समजायला मुळीच अवघड नाही.

संगणकाचा पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. खेळ सुरळीत दिसायचा तर हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागते. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा हिशेब! संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा मोंढ्यातल्या जुन्या मुनिमासारखा असतो. कितीही किचकट हिशेब द्या, तो चोख करील; पण एका वेळी थोडेच. कापूस वेचायला मुनीम काय कामाचा? तिथे पुष्कळ हात हवेत. प्रत्येक बोंड वेगळे, त्यामुळे एकीला दुसरीसाठी थांबावे लागत नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही वेचणीची टोळी. एनव्हिडिया कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आणलेल्या ‘जीफोर्स आरटीएक्स ५०९०’ या कार्डात असे २१,७६० हात आहेत. काडेपेटीच्या निम्म्याहून लहान चिपवर ९,२०० कोटींच्या वर ट्रान्झिस्टर, आणि दिमतीला ३२ जीबी स्वतंत्र मेमरी.

पण खोक्यावरच्या या आकड्यांनी दिपून जाऊ नये. खरा आकडा वेगळाच आहे : ५७५ वॉट. पूर्ण भारावर हे एकटे कार्ड छतावरचे सात पंखे चालतील एवढी वीज खाते आणि त्या साऱ्या विजेची शेवटी उष्णता होते. एवढ्याशा जागेतून ती बाहेर कशी काढायची, हाच कार्ड घडवणाऱ्यांपुढचा खरा पेच असतो.

आपल्या औद्योगिक वसाहतीत हा पेच रोज सुटतो. पोलाद वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीभोवती तांब्याचे वेटोळे असते आणि त्याच्या पोटातून सतत पाणी खेळवावे लागते. पाणी थांबले की भट्टी थांबवावीच लागते, नाही तर वेटोळेच जायचे. कार्डातही तेच तत्त्व आहे. चिपला टेकलेल्या चपट्या धातूच्या डबीत किंचित द्रव असतो. तो तापून वाफ होतो, वाफ थंड भागाकडे जाऊन पुन्हा द्रव होते आणि परत चिपकडे येते. वाटेत सोडलेली उष्णता धातूच्या पातळ पात्यांत उतरते आणि पंखे ती उडवून लावतात. कंपनीच्या स्वतःच्या आवृत्तीत मधला सर्किट बोर्ड इतका आटोपशीर केला आहे, की दोन्ही पंख्यांची हवा पात्यांतून थेट आरपार जाते. त्यामुळे आधीच्या ४०९० या कार्डाहून वीज जास्त लागत असूनही हे कार्ड जाडीने कमी भरले. कारागिरीला दाद द्यावी ती इथे.

एक साधी गोष्टही सांगतो. बारा व्होल्टवर एवढी वीज पुरवायची म्हणजे चाळीसहून अधिक अँपिअरचा प्रवाह बारीक पिनांतून न्यावा लागतो. ४०९० बाजारात आले त्या २०२२ साली काहींची जोडणी वितळली. प्लग पुरता आत न बसणे हे त्याचे एक मोठे कारण निघाले. पुढे जोडणीची रचना सुधारण्यात आली. ढिल्या जोडणीचा धाक आपल्या वायरमनला कोणी शिकवायला नको!

मग हे सारे निव्वळ खेळापायी का? तसेही नाही. अनेक लहान प्रोसेसर एकदम कामाला जुंपण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला तो याच वाटेने. टोरांटोच्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की या विद्यार्थ्याने २०१२ साली खेळाची दोन साधी कार्डे वापरून यंत्राला चित्रे ओळखायला शिकवले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या लाटेला तिथून जोर आला. सी-डॅकच्या २०२० मधील ‘परम सिद्धी’मध्येही याच घराण्यातली मोठी भावंडे राबतात. मुलाच्या मागणीला ‘खेळणे’ म्हणून झिडकारू नये, ते यासाठी.

माझा भाचा गेल्या उन्हाळ्यात ५०९० ची जाहिरात घेऊन आला. भारतातली सुरुवातीची किंमत २ लाख १४ हजार. ‘मामा, एकदाच घेऊ, मग बघायला नको,’ म्हणाला. मी त्याच्यासमोर कागद ठेवला. रोज चार तास पूर्ण भाराने चालवले तर कार्डाचीच महिन्याला ६९ युनिटे; आणि महावितरणचा दर युनिटांबरोबर चढत जातो. पूर्ण संगणकाला हजार वॉटचा वीजपुरवठा हवा. घरचा इन्व्हर्टर तो भार पेलणार नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पारा चाळिशीपार असताना कार्डाला थंड हवा आणायची कुठून? फार तापले की ते स्वतःच वेग उतरवते. म्हणजे पैसे पूर्ण वेगाचे मोजायचे आणि ऐन उन्हाळ्यात वापरायचा त्याहून कमी. वर पात्यांत धूळ बसते ती निराळीच.

शेवटी दोघांनी मिळून मधल्या पायरीचे कार्ड पाहिले. २०२३ सालचे ‘आरटीएक्स ४०६०’ ११५ वॉटवर चालते, फुल एचडी पडद्यावर बहुतेक खेळ व्यवस्थित दाखवते, आणि प्रोग्रॅमिंग शिकायला, यंत्राला शिकवण्याचे लहान प्रयोग करायलाही चालते. भाचा थोडा हिरमुसला, पण हिशेब त्याला पटला.

तेव्हा पालकहो, पुढच्या वेळी मुलगा किंवा मुलगी कार्ड मागेल तेव्हा रागावू नका आणि घाईही करू नका. सोबत कागद घेऊन बसा. वॉट किती, खोली कशी, वायरिंग कसे आणि खेळ सोडून त्यावर आणखी काय करणार, हे चार प्रश्न मुलांनाच सोडवू द्या. दोन लाखांचे कार्ड घरात येईल न येईल; हिशेब करण्याची ही सवय मात्र त्यांच्याजवळ राहील.