टी-शर्टवरची आयत

५ एप्रिल २०१७ रोजी मार्व्हलच्या ‘एक्स-मेन गोल्ड’ या मालिकेचा पहिला अंक आला. सुपरहिरोंच्या या टीमची प्रमुख आता किटी प्राइड. टीमचं घर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात, म्हणजे ज्या लोकांना त्यांची भीती वाटते त्यांच्याच मधोमध. किटी ज्यू आहे, नाइटक्रॉलर श्रद्धाळू कॅथलिक, कोलोसस रशियन, स्टॉर्म आफ्रिकी वंशाची. फावल्या वेळात हे सगळे बेसबॉल खेळतात. वेगवेगळ्या माणसांनी एका छपराखाली राहायचं, एवढीच या कॉमिकची साठ वर्षांची शिकवण.

त्याच बेसबॉलच्या चित्रात कोलोससच्या टी-शर्टवर ‘क्यूएस ५:५१’ असं लिहिलेलं होतं. इंडोनेशियात ‘क्यूएस’ म्हणजे कुरआनची सूरह. दुसऱ्या एका चित्रात किटी जमावाशी बोलते आहे आणि त्यात २१२ आणि ५१ हे आकडे आहेत. ‘ज्वेलरी’ची पाटी अशी आली आहे, की तिच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली तीन अक्षरं, म्हणजे ‘ज्यू’, किटीच्या डोक्याशेजारी दिसतात. चित्रकार होते इंडोनेशियाचे अर्दियान स्याफ. खुणा सर्वांत आधी ओळखल्या त्याही इंडोनेशियातल्याच वाचकांनी.

२१२ म्हणजे २ डिसेंबर २०१६. त्या दिवशी जकार्तामध्ये गव्हर्नर अहोक यांच्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला होता. अहोक ख्रिश्चन, चिनी वंशाचे. मुसलमानांनी बिगरमुस्लिम माणसाला मत देऊ नये, या प्रचारासाठी सूरह अल-माइदाची ५१वी आयत वापरली जात होती. अहोक त्यावर बोलले आणि त्यांच्यावर ईशनिंदेचा आरोप आला. एप्रिल २०१७मध्ये ते निवडणूक हरले आणि मे महिन्यात त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे कोलोससच्या टी-शर्टवर आला तो चालू निवडणुकीतला प्रचार होता.

ही चित्रं आपल्या नकळत घातली गेली, असं सांगून मार्व्हलने पुढच्या छपाईतून ती काढण्याचं जाहीर केलं. काही दिवसांत स्याफ यांचं कंत्राटही संपवलं. आपला ज्यू किंवा ख्रिश्चनांवर राग नाही, असं स्याफ यांनी सांगितलं.

अशा वेळी आपल्यातून एक सूर हमखास निघतो : ‘अमेरिकन कंपन्या त्यांचं राजकारण रोज घालतात, मग आपल्या माणसाने दोन आकडे टाकले तर काय बिघडलं?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं.

कॉमिक्समध्ये राजकारण नको, असं माझं म्हणणं नाही. ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा मारतो. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी ते उघडपणे केलं. ज्याला पटलं नाही त्याला विरोध करता आला. स्याफ यांनी त्या मोर्च्याबद्दल स्वतःच्या नावावर कॉमिक काढलं असतं, तर मी त्याच्याशी वाद घातला असता, पण त्यांचा हक्क नाकारला नसता.

इथे झालं ते वेगळं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एकाच प्रॉडक्टचा कोड दहा-वीस जण मिळून लिहितात. कुणीतरी तो तपासतो, पण प्रत्येक ओळीमागचा छुपा हेतू शोधत बसत नाही. काम विश्वासावर चालतं. त्यात कुणी गुपचूप स्वतःचा कोड घुसवला, तर त्याचा उद्देश कितीही उदात्त असो, त्याने सगळ्यांच्या नावावर सही केलेली असते. कॉमिकचंही तसंच असतं. लेखक मार्क गुगेनहाइम, रंग भरणारे, अक्षरं टाकणारे, या सगळ्यांच्या नावावर तो प्रचार गेला. आपल्या घरांत सोपवलेल्या गोष्टीला अमानत म्हणतात. आयत छापून अमानतीत खयानत केली, तर त्यात दीन कुठे राहिला?

आणि आयतीचं तरी काय झालं? वाद आहे तो त्यातल्या ‘औलिया’ या शब्दाभोवती. आपल्याकडे औलिया म्हटलं की दर्ग्यातले बुजुर्ग आठवतात. मूळ अरबीत त्याचे अर्थ मित्र, पाठीराखा, संरक्षक असे अनेक होतात. इंडोनेशियात मात्र ‘नेता’ हा अर्थ प्रचलित झाला आणि त्यावर निवडणूक लढवली गेली. ‘मिस मार्व्हल’ कमला खानच्या कथा लिहिणाऱ्या जी. विलो विल्सन स्वतः मुसलमान आहेत. त्यांनी या अनुवादाच्या प्रश्नावर तेव्हाच जाहीरपणे लिहिलं. ज्या शब्दावर एवढी चर्चा होऊ शकते, तो स्याफ यांनी टी-शर्टवरचा एक आकडा करून टाकला.

मुसलमान असणं लपवावं लागतं, अशीही परिस्थिती नव्हती. याच एक्स-मेनच्या दुनियेत २००२पासून सूरया कादिर ही निकाब घालणारी अफगाण मुलगी आहे. कमला खानला २०१४मध्ये स्वतःची मालिका मिळाली. दार उघडं असताना कुणी खिडकीतून शिरलं, की पुढच्या मुस्लिम चित्रकाराची चित्रं भिंग लावून तपासली जातात. ती किंमत स्याफ एकटे मोजत नाहीत.

याउलट उदाहरण आपल्याजवळचं आहे. आबिद सुरती यांनी १९७६मध्ये इंद्रजाल कॉमिक्ससाठी ‘बहादूर’ हा नायक घडवला. डाकूचा मुलगा कायद्याच्या बाजूने उभा राहतो आणि गावकऱ्यांना घेऊन नागरिक सुरक्षा दल उभारतो. सुरतींचं म्हणणं कथेतच होतं, खुणांत शोधावं लागत नव्हतं. पुढे सत्तरी ओलांडल्यावर हेच सुरती मीरा रोडला प्लंबर सोबत घेऊन दर रविवारी लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करू लागले.

मराठी बोलणारी मुस्लिम मुलगी आज मराठी कॉमिक्समध्ये शोधूनही सापडत नाही. मोमिनपुऱ्यात, कोंढव्यात, भिवंडीत चित्रं काढणारी मुलं-मुली आहेत. त्यांनी ती रेखाटावी. तिचा धर्म, तिचे प्रश्न, हवं तर तिचं राजकारणही पानावर स्पष्ट दिसू द्यावं आणि पहिल्या पानावर स्वतःचं पूर्ण नाव घालावं.